मानाचं लुगडं कोणाला जातं?

चंद्राताईंना जिवंत माणसं आवडत नसत असं नाही, पण त्यांचा बहुतेक दिवस मेलेल्यांच्या संगतीत जायचा. सकाळी ऑफिसात आल्या की त्या छत्री खिडकीच्या गजाला अडकवायच्या, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायच्या, काल अर्धी राहिलेली फाईल पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, "चला, मेलेल्यांना हाक मारू." मी नवीन होते तेव्हा हे ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे पुढे ते ऐकल्याशिवाय मला कॉम्प्युटर सुरू करावासा वाटेना.

आमचं ऑफिस भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर. वकीलसाहेबांचं काम जमिनीच्या व्यवहारांचं. बिल्डर एखादी जमीन घ्यायला निघाला की ती खरंच विकणाऱ्याची आहे का, त्याच्या बापाकडे कशी आली, बापाच्या बापाकडे कुठून आली, मध्ये कोण कोण मेलं आणि प्रत्येकाच्या मागे कोण कोण उरलं, हे जुन्या दप्तरांतून शोधावं लागतं. याला आमच्याकडे 'सर्च' म्हणतात. तो चंद्राताई करायच्या. त्यांनी शोधलेलं मी टाईप करायची. मी बेव्हर्ली पार्कच्या नव्या इमारतींतून रिक्षानं येणारी, सातबाऱ्यावर सात पिढ्यांत नाव नसलेल्या घरातली बाई. मला या सगळ्या प्रकाराची आधी गंमत वाटायची, मग कंटाळा यायला लागला, आणि शेवटी चंद्राताईंसारखाच थकवा यायला लागला.

त्या मूळच्या राईच्या. खाडीकडची भातशेती, एका मिठागरात बापाचा वाटा, असं माहेर. लग्न करून आल्या त्या भाईंदरातच, म्हणजे रिक्षानं पंधरावीस मिनिटांवर. पण 'माहेरी जाऊन येते' हे वाक्य त्या असं म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं बाई दोन दिवसांच्या प्रवासाला निघाल्यात. बारीक अंगलट, सुती पाचवारी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. ठाण्याच्या रेकॉर्डरूममध्ये गेल्या की जुनं दप्तर उघडण्याआधी चपला काढून बाजूला ठेवायच्या. एकदा तिथल्या शिपायानं विचारलं, "ताई, इथं काय देव आहे का?" तर म्हणाल्या, "देव कसला, शेजारीपाजारी आहेत. पण आता वडीलधारे झाले ना."

हे शेजारीपाजारी सरळ नव्हते. आमच्या या पट्ट्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे पांडू जाना, त्याचा मुलगा जाना पांडू, त्याचा मुलगा पुन्हा पांडू जाना, अशी रांग लागायची. कोणी तरी कारकून मधल्याला गाळून आजोबाची जमीन थेट नातवाच्या नावावर चढवून मोकळा व्हायचा, कारण नाव तर तेच होतं. मग गाळलेल्याच्या बाकीच्या मुलाबाळांचा वंश बसायचा हवेत. असा गुंता आला की चंद्राताई दुपारी चहाचा कप हातात धरून, डोळे मिटून बसायच्या आणि पुटपुटायच्या, "कुठला रे तू पांडू? आज्या की नातू?" फरसाणवाल्याचा पोऱ्या एकदा कप न्यायला आला, तो हे ऐकून कप न घेताच परत गेला.

पण पांडूजाना हा त्यांचा खरा त्रास नव्हता. त्यांचा खरा त्रास म्हणजे बाया. जुन्या नोंदीत लिहिलेलं असतं, अमुक मयत, मागे वारस मुलगे दोन. मुलींचा पत्ताच नाही. चंद्राताई त्या ओळीवर बोट ठेवून बसायच्या. "दोन मुलगे झाले. आणि मुली? एकही झाली नाही? अख्ख्या गावात नुसते मुलगेच जन्मले? मग यांनी लग्नं कोणाशी केली?" मुली झालेल्या असतातच. त्या लग्न होऊन दुसऱ्या गावात जातात, नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि वारस नोंदवताना भाऊ त्यांचं नाव सांगत नाहीत. काही मुद्दाम सांगत नाहीत. काहींना खरंच सुचत नाही, आणि माझ्या मते ते जास्त वाईट.

समोर बसलेल्याला विचारलं, "बहिणी किती?" तर तो आधी वकीलसाहेबांकडे बघायचा, मग बिल्डरच्या माणसाकडे, आणि म्हणायचा, "न्हाय. बहीण न्हाय आमाला." प्रतिज्ञापत्रावर तसं लिहून द्यायचा. चंद्राताईंना कळायचं की हा खोटं बोलतोय, पण कळून उपयोग काय?

तो उपयोग त्यांना एका हळदीत सापडला. शेजारच्या गावातल्या एका माणसानं आमच्याकडे असंच लिहून दिलं होतं की बापाला मी एकटा, आते नाही, बहीण नाही. त्याच्याच मुलीचं लग्न निघालं, आणि गाववाली म्हणून त्यानं चंद्राताईंना आमंत्रण केलं. आता याला काय म्हणावं? माणूस कागदावर खोटं लिहितो, पण हळदीला माणूस विसरला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. चंद्राताई गेल्या. मांडवात धवलारीण गाणी म्हणत होती, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात गाण्यांनीच सगळे विधी लावून देणारी बाई. तिनं हाक दिली, पहिला मान कोणाचा? आणि या गृहस्थानं एका म्हातारीचा हात धरून तिला पुढे आणलं, पाटावर बसवलं, तिच्या ओटीत हिरवं लुगडं घातलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "ही माजी सख्खी आते. हिचा मान पयला!"

चंद्राताई पोटभर जेवल्या, आहेर केला, म्हातारीच्या शेजारी बसून तिचं नाव, तिच्या बहिणींची नावं, कोण कुठे दिली, सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन त्या माणसाच्या वंशावळीत तीन आत्या लिहिल्या. तो तणतणत आला. "ताई, तुमी आमच्याकरं जेवलात आनि वर असा?"

"जेवले म्हणूनच," चंद्राताई म्हणाल्या. "तुमचं मीठ खाल्लं. आता खोटं कसं लिहू?"

त्या दिवसापासून त्यांनी बहिणी किती हे विचारणं सोडलं. समोर माणूस आला की पाणी द्यायच्या, घरचं विचारायच्या, पोरंबाळं विचारायच्या, आणि सहज म्हणायच्या, "तुमच्याकडे हळदीला मानाचं लुगडं कोणाकोणाला जातं हो?" माणूस खुलायचा. छाती पुढे काढून सांगायचा, अमुक आते, तमुक आते, चुलतआते पण, आम्ही कोणाला सोडत नाही ताई, आमचं घराणंच तसं. चंद्राताई मान डोलवत लिहून घ्यायच्या. उत्तनच्या ख्रिस्ती घरातून कोणी आलं तर प्रश्न थोडा बदलायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाला नारळाच्या दुधानं न्हाऊ घालतात, त्या 'रोस'ला कोणाला बोलावणं जातं, असं विचारायच्या. उत्तर तसंच धो धो यायचं.

एका बिल्डरचा माणूस आमच्याकडे नेहमी यायचा, जिग्नेशभाई. तो कपाळावर हात मारून घ्यायचा. "ताई, आप हर फाईल में एक बुआ निकालते हो!"

"मी कुठे काढते? ती असतेच," चंद्राताई म्हणायच्या. "तुम्हाला दिसत नाही."

आत्या सापडली की पुढचं ठरलेलं. तिचा हिस्सा तरी द्यायचा, नाही तर तिनं भावांच्या लाभात हक्कसोड लिहून द्यायची. बहुतेक बाया हक्कसोडच देतात. भावाशी वाकडं घेऊन हिस्सा मिळवला तर दिवाळीला, दुखण्याखुपण्याला जायचं कुठे, हा हिशोब त्यांचा पक्का असतो. चंद्राताई त्यावर कधी भाषण द्यायच्या नाहीत. त्यांची एकच अट असायची. सही करण्याआधी बाईला आतल्या खोलीत एकटीला बसवायचं, दार लावायचं, चहा द्यायचा आणि दस्त पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला वाचून दाखवायचा. भाऊ बाहेर जिन्यात उभे. वकीलसाहेब घड्याळ बघायचे, जिग्नेशभाई फोनवर 'बस, हो गया, हो गया' म्हणत फेऱ्या मारायचा. चंद्राताईंना घाई नसायची.

उत्तनची एक सिसिलमावशी आठवते. खूप म्हातारी, कानानं कमी. चंद्राताई तिच्या कानाशी तोंड नेऊन दस्त वाचत होत्या, इतक्या मोठ्यानं की दार लावण्याला काही अर्थच उरला नव्हता. वाचून झाल्यावर मावशी म्हणाली, "मना जमीन न्हाय पायजे, पोरी. पन माजं नाव हाय ना तेच्यात?"

"आहे."

"मंग दाव."

चंद्राताईंनी तिचं बोट धरून कागदावर ठेवलं. मावशीला वाचता येत नव्हतं. पण तिनं ते बोट बराच वेळ तिथून उचललं नाही. मग अंगठा दिला आणि चहा बशीत ओतून शांतपणे प्यायली. चंद्राताई मला म्हणाल्या, "बघ, हिला एवढंच हवं होतं. एवढं तर फुकटात होतं गं."

आता पुढचं सांगायला मला जड जातंय, पण त्याशिवाय चंद्राताई अर्ध्याच राहतील.

एका दुपारी एक बाई जिना चढून धापा टाकत आली. हातात नायलॉनची पिशवी, कपाळावर मोठं कुंकू, डोळे रडून सुजलेले. दारातूनच म्हणाली, "चंद्रा कोन?"

चंद्राताई उठल्या. "मी."

"माज्या भावाच्या पोराची हलद झाली परवा. सगल्या गावाला सांगनं, मना न्हाय. का? तं म्हनं, वकिलाकरची बाई इचारते, मान कोनाला जातो. मान दिला का हिस्सा द्यावा लागतो. म्हनून यंदा आतेला बोलवायचीच न्हाय." तिनं पिशवी टेबलावर आपटली. "हिस्सा मना कोन देनार व्हता? कोन न्हाय! वरसातून एक लुगरं मिलत व्हतं, ते तू खाल्लास!"

चंद्राताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईनं तो हातानं बाजूला सारला आणि आली तशी गेली. तिची चप्पल जिन्यावर वाजत राहिली. मग चंद्राताईंनी तो ग्लास उचलला आणि स्वतःच सगळं पाणी प्यायल्या.

त्यांच्या प्रश्नाला पाय फुटले होते. तो एका गावातून दुसऱ्या गावात चालत गेला होता. जमिनीचा व्यवहार चालू असेपर्यंत बहिणीला हळदीला बोलवायचं नाही, बोलावलंच तर मांडवात पुढे बसवायचं नाही, मान नंतर गुपचूप घरी नेऊन द्यायचा, आणि मग तोही राहून जायचा. चंद्राताईंनी चौकशी केली तेव्हा असं एका घरात नव्हे, बऱ्याच घरांत झालेलं निघालं. त्यानंतर त्या तो प्रश्न विचारताना चाचरायच्या. कधी विचारायच्या, कधी नाही. "दमले गं नीलिमा," असं दुपारी तीनलाच म्हणायला लागल्या. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, खोटं बोलणाऱ्यांनी मान बंद केला, यात हिचं काय चुकलं? पण त्या बाईचे सुजलेले डोळे आठवले की तो राग टिकत नसे.

त्याच सुमारास त्यांच्या घरी एक आनंदाची गोष्ट होती. त्यांना एकच भाऊ, दामू, पाठचा. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. त्या भाच्याच्या बारशाला चंद्राताईंनीच आते म्हणून त्याच्या कानात नाव सांगितलं होतं. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मीच त्या बारशाला गेले होते असं मला वाटायला लागलं. "कुठल्याही रंगाचं लुगडं आलं तरी शोभेल असं लाल पोलकं शिवून ठेवलंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आमंत्रण आलं?" तर म्हणाल्या, "अगं, सख्ख्या आतेला काय आमंत्रण करतात? मीच घरची."

आणि एक दिवस जिग्नेशभाई राईची एक फाईल घेऊन आला. खाडीकडची जमीन. जमीनमालकाला सोबतच आणलं होतं. दारात चपला काढून जो आत आला, तो दामू. चंद्राताईंना बघून तो थिजलाच. "बाय? तू हिकरं बसतेस?"

ते ऑफिस वकिलाचं आहे एवढंच त्याला माहीत होतं, की बहीण इथेच बसते हेही माहीत होतं, मला अजून कळलेलं नाही. जिग्नेशभाईचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. मी कॉम्प्युटरसमोर होते.

नियमानं चंद्राताईंनी फाईल तिथेच बंद करून साहेबांकडे द्यायला हवी होती. त्यांनी ती उघडली. वरच दामूचं प्रतिज्ञापत्र होतं. आमचे वडील मयत, आई मयत, मागे वारस मी एकटा. चंद्राताईंनी ते वाचलं, चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि दामूला समोर बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग सगळ्यांना विचारायच्या तेच प्रश्न, त्याच आवाजात.

"वडिलांचं नाव?"

"बाय, काय इचारतेस असा?"

"नाव."

त्यानं सांगितलं.

"कधी वारले?"

"तुला म्हाईत हाय ना."

"मला माहीत आहे. फाईलला माहीत नाही."

त्यानं तेही सांगितलं. त्या लिहीत गेल्या. मग पेन थांबलं. त्या वर बघून म्हणाल्या, आणि इथे पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऑफिसात घरची बोली निघाली, "मानाचं लुगरं कोनाला जातं, दामू?"

दामू खिडकीकडे बघत राहिला. खालून फरसाण तळल्याचा वास येत होता. "यंदा कोनाला न्हाय," तो म्हणाला. "लगीन हॉलात हाय. आटोपशीर. सगल्यांना सांगता येत न्हाय."

चंद्राताईंनी मान हलवली. नेहमी हलवायच्या तशीच. मग वडिलांच्या नावाखाली दोन रेघा काढल्या. एकीखाली लिहिलं दामोदर. दुसरीखाली लिहिलं चंद्रा. कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "टाईप कर."

"बाय, तुला हिस्सा पायजे?" दामू घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तं सरल सांग ना तसा."

"मला कोणी विचारलंच नाही रे!" चंद्राताई ओरडल्या. मी त्यांना ओरडताना तेवढंच एकदा ऐकलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला एक गुंठा नको. सही तयार आहे. घरी ये. वहिनीला घेऊन ये, पोराला घेऊन ये. हळदीचं सांगणं कर आणि सही घेऊन जा. उभ्या उभ्या देते."

"आता कसा येऊ?" दामू म्हणाला. "बहीण न्हाय असं लिवून दिलंय मी. बिल्डर इचारल, ही कुठनं आली. गाव हसंल." तो खरंच घाबरलेला दिसत होता. मला त्याची कीव आली, आणि आली म्हणून स्वतःचाच राग आला. तो उठला, पाणी तसंच ठेवून गेला.

साहेबांना कळलं तेव्हा ते चिडले. फाईल कपाटात गेली. चंद्राताईंनी मला हक्कसोडपत्र तयार करायला सांगितलं, स्वतःचं, दामूच्या लाभात. तयार झाल्यावर म्हणाल्या, "आता वाचून दाखव. आत."

मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं, चहा ठेवला. बाहेर जिन्यात कोणीच उभं नव्हतं. मी वाचत गेले. 'सदर मिळकतीतील माझा हक्क मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडून देत आहे' इथं आले तेव्हा त्यांनी हात वर केला. "ते पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "राजीखुशीने," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. तसंच राहू दे." पण सही केली नाही. "दामू आला की करते."

दामू आला नाही. ऑफिसात कोणाची पावलं जिन्यावर वाजली की चंद्राताई लिहायचं थांबवायच्या आणि पुन्हा लिहायला लागायच्या. हळदीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी बाजारात भाजी घेत होते, तेव्हा समोरच्या साड्यांच्या दुकानात त्या दिसल्या. काउंटरवर ते लाल पोलकं पसरलेलं होतं आणि दुकानदार त्यावर एकेक साडी लावून दाखवत होता. त्यांनी हिरवीवर बोट ठेवलं. मी आत गेले नाही. मेथीची जुडी हातात धरून उगाच लांबच्या रस्त्यानं रिक्षास्टँडकडे गेले.

लग्न झाल्यावर त्या कामावर आल्या त्या नवी हिरवी साडी आणि लाल पोलकं घालून. हातात लाडवांचा डबा. सगळ्यांना स्वतः वाढले. "भाचा मार्गी लागला," म्हणाल्या.

जिग्नेशभाई लाडू खात म्हणाला, "वाह ताई, साडी तो एकदम मस्त! भाईने दी?"

"हो. मानाची आहे."

ज्या बाईनं आयुष्यभर कोणाचा शब्द पुराव्याशिवाय घेतला नाही, तिला त्या दिवशी कोणी पुरावा मागितला नाही. साहेबांनी लाडू घेतला, मी घेतला.

तेवढ्यात मोर्वा गावचे दोन भाऊ आले. त्यांची जमीन जिग्नेशभाईच्याच शेठला हवी होती. चंद्राताईंनी पाणी दिलं, घरचं विचारलं. थोरला म्हणाला, माझ्या पोरीचं लगीन हाय, वैशाखात. चंद्राताईंचं पेन हवेत थांबलं. मला वाटलं आता विचारतील, किंवा आता कधीच विचारणार नाहीत. त्यांनी फाईल मिटली.

"लग्न उरकून या."

"पन ताई, बिल्डरला घाई हाय."

"असू दे. जमीन कुठे पळून जातेय? आधी नीट हळद करा. सगळ्यांना बोलवा. एकीलाही विसरू नका. मग या, मी तेव्हा विचारीन काय विचारायचं ते."

जिग्नेशभाई खुर्चीतून अर्धा उठला. "ताई, ये क्या कर रहे हो? वैशाख तक?" चंद्राताईंनी त्याच्यापुढे लाडवांचा डबा सरकवला.

भाऊ खुशीत जिना उतरून गेले. त्यानंतर आमच्या ऑफिसात तेच चालू झालं. घरात लग्न असेल तर ते होईपर्यंत चंद्राताई फाईल उघडायच्या नाहीत, आणि लग्न झालं की दुसऱ्या आठवड्यात सगळ्या आत्या वंशावळीत बसवायच्या. लोक वैतागले, पण तोवर लुगडी देऊन झालेली असायची. पुढे गुडघे त्यांना जिना चढू देईनात, तेव्हा त्या यायच्या थांबल्या. राईची फाईल अजून कपाटात आहे, सहीविना.

मला मात्र त्या दिसतात त्या लाडवांच्या दिवसाच्या संध्याकाळी, खिडकीशी उभ्या राहून छत्री काढताना. त्यांची पाठ माझ्याकडे होती. पदराच्या टोकाला आतल्या बाजूनं दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती, दुकानाच्या नावासकट. आता त्या बाजारातून चालत घरी जाणार होत्या, सगळ्या ओळखीच्यांच्या समोरून. मी उठले, मागून गेले आणि ती हलकेच सोडवून मुठीत घेतली.

त्या वळल्या. "काय गं?"

"काही नाही ताई," मी म्हटलं, "धागा निघाला होता."